डहाणूच्या नदीवरची मोफत होडी

मुंबई-सुरत मार्गावर माल पाठविणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांना डहाणू म्हणजे रेल्वेचे एक स्टेशन, चिकूच्या पेट्या आणि धाकटी डहाणूचे सुके बोंबील, एवढेच ठाऊक. खाडीकाठच्या या छोट्या नगरपालिकेचा तिजारतीचा वारसा फार जुना आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात तापी, दमण यांच्या पंक्तीत ‘डाहनुका’ नदीचे नाव येते. या नद्यांवर त्याने मोफत होड्या ठेवल्या होत्या. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखाप्रमाणे त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. त्यातून भिक्षूंना वस्त्रे मिळत. व्याजाचा मामला आम्हास पसंत नाही, पण विणकरांची पत तेव्हा राजाच्या जावयाला पुरत होती, हे आम्हा कापडवाल्यांनी लक्षात ठेवावे.

पुढची हकीगत तर आमच्या बिरादरीत फारच थोड्यांना माहीत असेल. डहाणू तालुक्यातील चिंचणीला ताम्रपट सापडले. त्यांपैकी शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा पट सांगतो की, राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संजाण मंडलाचा कारभार मुहंमद नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे सोपविला होता. या मुसलमान सुभेदाराने नदीच्या उतारावर मोफत होडी सुरू केली, संजाणला अन्नछत्र घातले, आणि तिथल्या मठाला राजाच्या संमतीने जमीनही दिली. आमच्या मुलांनी शाळेत या पटाविषयी गुरुजींना जरूर विचारावे!

नंतर पोर्तुगीज आले, १७३९ मध्ये मराठे आले. रेल्वेचे स्टेशन जुन्या गावापासून दूर पडले, बाजार तिकडे सरकला. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने तालुक्यात कारखान्यांवर मर्यादा आली. त्यावर कुरकुर करणारे व्यापारी आहेत. आम्हास वाटते, लहान हुन्नरांना तिचा आधारच झाला. चिंचणी-वरोर पट्ट्यात दागिन्यांचे पोलादी साचे आजही कारागीर हाताने कोरतात.

आता शेजारी वाढवण बंदर येत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, आणि १,४४८ हेक्टर समुद्र भरावाखाली जाणार. किनाऱ्यावरचे मच्छीमार विरोधात आहेत. तोंडी वायद्यावर आम्ही कापडाचे एक ठाणही उधार देत नाही. मग जाळी कुठे टाकायची, होड्या कुठे लावायच्या, साचेवाल्यांची घरे-दुकाने राहणार की जाणार, हे धाकटी डहाणूपासून वरोरपर्यंतच्या लोकांना सरकारने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे.