सिकलसेल : एका अमिनो आम्लाच्या बदलाची कथा

पाणी आणि क्षार वगळले, तर सजीवांच्या शरीरात उरणारे जवळजवळ सर्व पदार्थ कार्बनची संयुगे असतात. कार्बनचा अणू एकाच वेळी चार बंध जोडू शकतो आणि हे अणू एकमेकांनाही जोडले जाऊन त्यांच्या लांब साखळ्या व वलये तयार होतात, म्हणूनच हजारो अणूंचे नाना आकारांचे रेणू घडणे शक्य होते. या सेंद्रिय रेणूंचे कर्बोदके, मेद, प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले असे चार मोठे गट मानले जातात. पाठ्यपुस्तकात ते स्वतंत्र प्रकरणांत भेटत असले, तरी पेशीत त्यांची कामे एकमेकांत गुंतलेली असतात, आणि ही गुंतागुंत सिकलसेल आजारातील तांबड्या रक्तपेशीइतकी उघडपणे फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. गडचिरोलीपासून सातपुड्यातील नंदुरबारपर्यंत हा आजार आढळत असल्याने महाराष्ट्रातील वाचकाला तो केवळ पुस्तकी विषय राहत नाही.

निरोगी तांबडी पेशी ही 7 ते 8 मायक्रोमीटर व्यासाची, दोन्ही बाजूंनी मध्यभागी दबलेली चकती असते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिच्याभोवतीचे पेशीपटल प्रामुख्याने फॉस्फोलिपिड या मेदवर्गीय रेणूंचे बनलेले असते. या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, तर त्याच्या दोन शेपट्या पाणी टाळतात. त्यामुळे पाण्यात हे रेणू आपोआप दुहेरी थर करतात, ज्यात शेपट्या आत आणि टोके बाहेर राहतात. पटलाखालच्या प्रथिनांच्या जाळ्यामुळे पेशी लवचीक असते आणि स्वतःच्या व्यासापेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही ती वाकून पार होते. अस्थिमज्जेत परिपक्व होताना ही पेशी आपले केंद्रक बाहेर टाकते आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकाही गमावते. पुढचे सुमारे 120 दिवस ती ग्लुकोज या साध्या कर्बोदकाचे ऑक्सिजनशिवाय विघटन करून जगते, म्हणजेच ज्या ऑक्सिजनची ती वाहतूक करते त्यातला वाटा स्वतः घेत नाही. रिकाम्या झालेल्या जागेत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू दाटीवाटीने सामावलेले असतात.

हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे, आणि प्रथिन म्हणजे 20 प्रकारच्या अमिनो आम्लांपासून ठरावीक क्रमाने गुंफलेली साखळी. प्रौढांच्या हिमोग्लोबिनमध्ये 141 अमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि 146 अमिनो आम्लांच्या दोन बीटा साखळ्या असतात. प्रत्येक साखळीच्या घडीत हीम नावाचा लोहयुक्त गट बसलेला असून ऑक्सिजन त्या लोहालाच जोडला जातो. साखळीची घडी कशी पडेल आणि तिचा बाहेरचा पृष्ठभाग कसा वागेल, हे अमिनो आम्लांच्या क्रमावर अवलंबून असते. हा क्रम डीएनए या न्यूक्लिइक आम्लात नोंदलेला असतो. बीटा साखळीचे जनुक 11 व्या गुणसूत्रावर असते, आणि सहाव्या अमिनो आम्लासाठीच्या ‘जीएजी’ या तीन अक्षरी संकेतातील मधले अक्षर बदलून तो ‘जीटीजी’ झाला, की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात सहज मिसळते. व्हॅलिन भाररहित असून पाण्यापासून दूर राहू पाहते.

हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेले असताना या बदलाने फारसे बिघडत नाही. ऊतींना ऑक्सिजन दिल्यावर मात्र रेणूचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर एक जलविरोधी खाच उघडी होते, जिच्यात हे व्हॅलिन नेमके बसते. मग रेणूला रेणू चिकटत जाऊन लांब, ताठ तंतू तयार होतात, ते पेशीला आतून ताणतात आणि चकतीची विळ्यासारखी वाकडी पेशी होते. या प्रक्रियेतील वेळेचे गणित विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. तंतू बनायला सुरुवात होण्याआधी थोडा अवधी जातो, आणि तेवढ्यात केशवाहिनी ओलांडून पेशी फुप्फुसाकडे निघाली तर ती बहुधा बचावते. हा अवधी हिमोग्लोबिनच्या संहतीवर इतका अवलंबून असतो की पेशीतील पाणी थोडे कमी झाले तरी तो झपाट्याने आखडतो. रुग्णांना भरपूर पाणी पिण्याचा सल्ला दिला जातो तो यामुळेच. वाकड्या पेशी केशवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटून हाडांत असह्य वेदना उठतात, आणि अशा पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होत असल्याने रक्तक्षयही होतो.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवले, की रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळ्या वेगाने सरकते. आजाराचे मूळ एका रेणूत असू शकते, हा विचार तेव्हा प्रथमच ठोस पुराव्यासह मांडला गेला. केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी निरोगी व्यक्तीच्या आणि रुग्णाच्या हिमोग्लोबिनचे विकराने तुकडे करून ते कागदावर पसरवले, तेव्हा दोन्ही नमुन्यांत फक्त एक ठिपका वेगळ्या जागी आढळला, आणि 1957 पर्यंत त्यातले बदललेले अमिनो आम्लही निश्चित झाले.

आई आणि वडील या दोघांकडूनही बदललेले जनुक मिळाले तर आजार होतो. एकाकडूनच मिळाले तर ती व्यक्ती वाहक असते आणि बहुधा तिला काही त्रास होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. घातक फाल्सिपॅरम मलेरियापासून वाहकांना संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये दाखवून दिले. पिढ्यानपिढ्या मलेरियाशी झुंजलेल्या लोकसमूहांत हे जनुक का टिकून राहिले, याचा उलगडा त्यातून होतो. म्हणून वाहक असणे हा दोष किंवा कलंक मानून विवाहाच्या वेळी कुणाला नाकारणे अन्यायाचे आहे. दोन्ही बाजूंनी वेळेवर तपासणी करून घेणे, एवढेच त्या वेळी आवश्यक असते.

सोपी चाचणी या रेणूच्या स्वभावावरच आधारलेली आहे. ऑक्सिजन काढून घेणाऱ्या द्रावणात रक्त मिसळले, की सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही आणि नळीतील द्रव इतका गढूळ होतो की त्यामागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसेनाशा होतात. मात्र वाहक आणि रुग्ण या दोघांतही हाच परिणाम दिसत असल्याने पुढे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी, करावी लागते. नवजात बाळासाठी तर गढूळपणाची चाचणी भरवशाची नसते, कारण जन्मावेळी रक्तात बीटा साखळी नसलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असते, जे तंतू बनू देत नाही. ते ओसरू लागल्यावर, साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास, लक्षणे दिसू लागतात, आणि हायड्रॉक्सियुरिया हे औषध या गर्भकालीन हिमोग्लोबिनचेच प्रमाण पुन्हा वाढवते.