दुरुस्ती तयार होती, फोनपर्यंत आली नाही

जुलै 2025 चं अँड्रॉइडचं सुरक्षा-पत्रक निघालं आणि त्यात एकही दुरुस्ती नव्हती. दहा वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. गूगलने धोरण बदललं होतं: फार धोक्याच्या चुकांच्या दुरुस्त्या तेवढ्या दरमहा, उरलेल्या तिमाहीच्या गठ्ठ्यात. मासिक शिस्त लागण्याआधीचे दिवस ज्यांनी काढलेत, त्यांच्या हे जिव्हारी लागलं.

2008 मध्ये अँड्रॉइड फोन आले, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत फारसं सांगण्याजोगं नाही. 2011 मध्ये नव्या फोनना 18 महिने अपडेट देण्याची घोषणा बड्या कंपन्यांना घेऊन झाली आणि विरली.

खरा हिशेब पुढच्या दशकाचा आहे. 2015 मध्ये ‘स्टेजफ्राइट’ हा दोष उघडकीला आला. नुसत्या एका एमएमएसवाटे फोनमध्ये शिरकाव करता येत होता. गूगलकडे दुरुस्ती तयार होती, पण ती चिप बनवणाऱ्याकडून फोन कंपनीकडे, तिथून चाचणीला आणि मग ग्राहकाकडे जायची. स्वस्त फोनच्या वाट्याला ती बहुधा यायचीच नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून मासिक पत्रक सुरू झालं.

त्या काळातल्या माझ्या फोनवर एका अपडेटनंतर कॉल संपला तरी काळा पडदा उजळेना. सर्व्हिस सेंटरमध्ये आधी ‘रिसेट मारून बघा’, मग ‘पुढच्या अपडेटमध्ये येईल’. पुढचं अपडेट कित्येक महिन्यांनी आलं, ते नवे वॉलपेपर आणि न मागितलेली अ‍ॅप्स घेऊन. पडदा काळाच राहिला. दरम्यान कंपनीची नवी मॉडेलं दुकानात लागली होती. कंपनीकडे काम करायला माणसं होती, फक्त विकलेल्या फोनसाठी नव्हती. हा राग अजून गेलेला नाही.

हळहळ वाटते ती गूगलच्या ‘अँड्रॉइड वन’ उपक्रमाची. सप्टेंबर 2014 मध्ये मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसच्या सहा-सात हजारांच्या फोननी ते भारतातच सुरू झालं. स्वच्छ सॉफ्टवेअर आणि वेळेवर अपडेट, तेही साध्या गिऱ्हाइकाला! ते टिकायला हवं होतं. अँड्रॉइडच्या रचनेतल्या 2017 च्या ‘ट्रेबल’ आणि 2019 च्या ‘मेनलाइन’ या बदलांनी अपडेटची वाट थोडी मोकळी केली, हे मान्य. पण सात वर्षांच्या अपडेटचं वचन आलं ते पिक्सेल 8 आणि गॅलेक्सी एस24 सारख्या महागड्या फोनवर.

भाजीवाल्या मावशींचे यूपीआयचे पैसे मात्र स्वस्त फोनवरच येतात. ‘सर्ट-इन’ ही सरकारी सायबर-सुरक्षा यंत्रणा इशारा देते, ताबडतोब अपडेट करा. कंपनीने अपडेट काढलंच नसेल तर मावशींनी काय करायचं? युरोपात 20 जून 2025 पासून विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट देण्याचं बंधन आहे. आपल्याकडेही तसं बंधन हवं, आणि ते दहा हजारांच्या आतल्या फोनला आधी लागू व्हायला हवं.