वायरवाला गेमिंग माऊस घेताय? आधी हात मोजा, मग किंमत बघा

वार्षिक परीक्षा संपली की बऱ्याच घरांत एक ठरलेली मागणी पुढे येते, “गेमिंग माऊस हवाय.” बाबांचं उत्तरही ठरलेलं, “घरात आहे की एक, चांगला चालतोय.” त्यावर, “तो ऑफिसचा आहे हो बाबा!” मग सगळे मिळून मोबाइलवर शोधायला बसतात आणि खरा गोंधळ तिथे सुरू होतो. तीनशे रुपयांचाही गेमिंग माऊस आहे आणि पाच हजारांचाही. दोन्हींना इंद्रधनुषी दिवे आहेत, दोन्हींच्या खोक्यावर मोठमोठे आकडे आहेत. मग फरक काय?

फरक आहे, पण तो दिव्यांमध्ये नाही. आणि हा प्रश्न फक्त खेळणाऱ्या मुलांचाही नाही. जो माऊस तासन्‌तास खेळताना हाताला त्रास देत नाही, तोच दिवसभर एक्सेलमध्ये आकडे भरणाऱ्या आईला किंवा फोटो एडिट करणाऱ्या ताईलाही बरा पडतो. मी स्वतः दिवसभर लिहिण्याचं काम करते आणि रात्री भावंडांबरोबर तासभर व्हॅलोरंट खेळते. दोन्ही कामांना एकच माऊस पुरतो.

वायर कशाला हवी, असं कुणीतरी विचारणारच. आजचे महागडे वायरलेस गेमिंग माऊस वेगात वायरवाल्यांच्या बरोबरीला आलेत, हे खरं आहे. पण त्यांची किंमत बघा. दीड-दोन हजारांच्या बजेटमध्ये वायरवाला माऊस जेवढं देतो, तेवढं त्याच पैशात वायरलेसमध्ये मिळणं कठीण. बॅटरी नसल्यामुळे वजन वाढत नाही, ऐन सामन्यात चार्जिंग संपत नाही आणि तो नखाएवढा यूएसबी रिसीव्हर सोफ्याच्या फटीत हरवत नाही. घरात तिघं-चौघं एकच कॉम्प्युटर वापरत असतील, तर हा शेवटचा मुद्दा अजिबात छोटा नाही.

तशी वायर ही माऊसची मूळ ओळखच. १९६४ मध्ये अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस बनवला. लाकडी खोकं, खाली दोन चाकं आणि शेपटीसारखी वायर. त्या शेपटीमुळेच त्याला माऊस म्हणू लागले, असं सांगतात.

हाताचं माप

खरेदीच्या चर्चेत सगळ्यात कमी बोललं जातं ते हाताबद्दल. चप्पल घेताना आपण पायात घालून बघतो, माऊस मात्र फोटो बघून घेतो. घरातली फूटपट्टी घ्या. तळहात सपाट ठेवा आणि मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. साधारण १७ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर हात लहान, १९ पेक्षा जास्त असेल तर मोठा, मधला असेल तर मध्यम. आणखी एक ठोकताळा वापरतात: हाताच्या लांबीच्या साठ टक्क्यांच्या आसपास माऊसची लांबी असावी. म्हणजे १९ सेंटिमीटरच्या हाताला साडेअकरा सेंटिमीटरच्या जवळपासचा माऊस.

आता आपल्याकडे भरपूर विकली जाणारी दोन मॉडेल्स या मापाने बघा. लॉजिटेकचा जी१०२ सुमारे ११.७ सेंटिमीटर लांब आहे, पाठ बुटकी आहे आणि वजन ८५ ग्रॅम. रेझरचा डेथअॅडर इसेन्शियल १२.७ सेंटिमीटर लांब, पाठीला चांगला उंचवटा आणि वजन ९६ ग्रॅम. कागदावर एकच सेंटिमीटरचा फरक वाटतो. पण बारा वर्षांच्या मुलाच्या हाताखाली डेथअॅडर दिला, तर त्याला बोटं ताणून बटणापर्यंत पोहोचावं लागतं. उलट उंचपुऱ्या बाबांना जी१०२ दिला, तर त्यांचा तळहात अधांतरी राहतो आणि करंगळी टेबलावर घासत जाते. तासाभराने दोघांच्याही हाताला कळ लागते आणि दोघंही म्हणतात, माऊस खराब आहे. माऊस खराब नसतो, तो दुसऱ्याच्या मापाचा असतो.

घरात एकच माऊस असणार असेल, तर जो जास्त तास वापरणार त्याच्या हाताचं माप धरा. ‘सगळ्यांना चालेल असा मधला’ घेतला, तर बहुतेक वेळा तो कुणालाच नीट बसत नाही.

पकडण्याच्या सवयीही वेगवेगळ्या असतात. काही जण पूर्ण तळहात माऊसवर टेकवतात. काहींचा तळहात मागे टेकतो पण बोटं पंजासारखी वाकलेली असतात. काही जण फक्त बोटांच्या टोकांनी माऊस उचलून-सरकवून चालवतात. पहिल्या पद्धतीला उंच पाठीचा, लांब माऊस सुखाचा वाटतो. शेवटच्या पद्धतीला छोटा आणि हलका हवा. यात बरोबर-चूक असं काही नाही. आत्ता हातातला माऊस तसाच धरून ठेवा आणि बघा, तुमचा तळहात कुठे टेकलाय. उत्तर मिळालं.

डावखुऱ्यांची गोष्ट वेगळी. माझी मावसबहीण डावखुरी आहे. तिला दुकानदार हमखास म्हणतो, “हा दोन्ही हातांना चालतो.” आकाराने चालतो, खरं आहे. पण बाजूची दोन जादा बटणं बहुतेक वेळा डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्याखाली असतात. डाव्या हातात धरलं की ती अनामिका आणि करंगळीखाली जातात, म्हणजे जवळपास निरुपयोगी. डेथअॅडरसारखा उजव्या हाताच्या वळणाचा माऊस तर डावखुऱ्यांनी बघूही नये. दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा माऊस घ्या, विंडोजच्या सेटिंगमध्ये मुख्य बटण बदलून घ्या आणि बाजूच्या बटणांसाठी जास्त पैसे मोजू नका.

डीपीआयचा मोठा आकडा

खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो डीपीआयचा. ८०००, १२०००, १६०००. भाजीवाल्याकडे जास्त वजनाला जास्त पैसे, तसं इथे जास्त डीपीआय म्हणजे जास्त चांगला माऊस असं वाटतं. तसं नाही. माऊस एक इंच सरकवला की तो कॉम्प्युटरला किती पावलं कळवतो, एवढंच डीपीआय सांगतो.

साधा हिशेब करू. फुल एचडी स्क्रीनची रुंदी १९२० पिक्सेल. ८०० डीपीआयला कर्सर स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला माऊस सुमारे सहा सेंटिमीटर सरकवावा लागतो. १६००० डीपीआयला तेवढंच अंतर जायला फक्त तीन मिलिमीटर! साबुदाण्याच्या एका दाण्याएवढं अंतर. इतक्या कमी जागेत नेमकं बटणावर थांबणं कुणाच्या हाताला जमेल? म्हणूनच निशाण्याचे खेळ मन लावून खेळणारी बरीच मंडळी ४०० ते १६०० डीपीआयमध्येच खेळतात.

व्हॅलोरंटचंच उदाहरण घ्या. माऊस ८०० डीपीआयवर आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी ०.४ ठेवली, तर एक पूर्ण गिरकी घ्यायला माऊस सुमारे ४१ सेंटिमीटर सरकवावा लागतो. मागून शत्रू आला तर अर्धी गिरकी, म्हणजे वीस सेंटिमीटर. एवढी हालचाल मनगटाने होत नाही, कोपरापासून हात फिरवावा लागतो. अचूकपणा इथून येतो. मनगटाच्या छोट्या झटक्यापेक्षा पूर्ण हाताची हालचाल जास्त काबूत राहते. म्हणून चांगल्या माऊसबरोबर मोठा कापडी माऊसपॅड हवा. तीन-चारशे रुपयांचा तो पॅड खेळात जो फरक पाडतो, तो डीपीआयचे हजारो आकडे पाडत नाहीत.

मग पैसे कशाचे द्यायचे? सेन्सरचे. माऊसच्या पोटात एक छोटा दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि एकमेकांशी ताडून बघत माऊस कुठे सरकला ते ठरवतो. तुमच्या आई-बाबांना जुना गोळीवाला माऊस आठवत असेल, खालचं झाकण फिरवून गोळी काढायची आणि आतल्या रोलरवरची काळी घाण नखाने खरवडायची. तो व्याप ऑप्टिकल सेन्सरने संपवला. पण हलक्या दर्जाचा सेन्सर झपकन हात फिरवला की गडबडतो आणि कर्सर भलतीकडेच उडी मारतो. नावाजलेल्या कंपन्या सेन्सरचं नाव किंवा त्याची क्षमता उघड सांगतात. लॉजिटेकचे स्वतःचे सेन्सर आहेत, बऱ्याच इतर कंपन्या तैवानच्या पिक्सआर्टचे वापरतात. खोक्यावर दिव्यांचे सात प्रकार लिहिलेत पण सेन्सरबद्दल चकार शब्द नाही, असा माऊस खाली ठेवून द्या.

दुसरा उपयोगी आकडा पोलिंग रेटचा. माऊस कॉम्प्युटरला सेकंदाला किती वेळा खबर देतो, तो हा आकडा. साधा ऑफिसचा माऊस बहुतेक वेळा १२५ हर्ट्झचा, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी खबर. गेमिंग माऊस १००० हर्ट्झचा, म्हणजे दर एक मिलिसेकंदाला. हा फरक खेळताना हाताला जाणवू शकतो. त्यापुढे ८००० हर्ट्झचेही माऊस आले आहेत, पण घरचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो नवीन चित्रच साधारण १७ मिलिसेकंदांनी दाखवतो. शिवाय जुन्या कॉम्प्युटरवर ८००० हर्ट्झचा भार पडून खेळ अडखळू शकतो. १००० पुरे.

वायर, क्लिक आणि घाम

दुकानात गेलात तर वायर हातात घेऊन वाकवून बघा. जाड, ताठ वायर माऊसला मागे ओढत राहते आणि सूक्ष्म निशाणा साधताना तो ओढा बोटांना कळतो. सुती लेससारखी मऊ, सैल विणलेली वायर सगळ्यात चांगली. ती नसेल तर साधी पातळ रबरी वायरही चालेल. पण घट्ट विणलेली कडक वायर, जी ‘मजबूत’ म्हणून विकतात, ती दिसायला भारी आणि वापरायला त्रासदायक. लांबी १.८ मीटरच्या वर असावी, विशेषतः सीपीयू टेबलाखाली असेल तर. आणि हो, लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असतील तर सोबत कन्व्हर्टर लागेल, ते घरी येऊन कळायला नको. (खऱ्या उंदरांना या माऊसची वायर फार आवडते. जुन्या घरात राहत असाल तर रात्री गुंडाळून ठेवा.)

क्लिकचं बटण ही माऊसची सगळ्यात आधी दगा देणारी जागा. वर्ष-दोन वर्षांनी एका क्लिकला दोन क्लिक उमटायला लागतात. फोल्डर नुसतं निवडायला जावं तर ते उघडतंच, खेळात एक गोळी मारावी तर दोन सुटतात. आतल्या छोट्या स्विचचे धातूचे संपर्क झिजल्याने हे होतं. म्हणून वॉरंटी बघा आणि बिल जपून ठेवा. लोकप्रिय मॉडेल्सच्या हुबेहूब नकलाही बाजारात असतात, तेव्हा फारच स्वस्त मिळत असेल तर जरा थांबा.

बाजूला मऊ रबराचा थर असलेला माऊस नवा असताना छान वाटतो. पण मुंबई, चेन्नई, कोलकात्यासारख्या दमट हवेत आणि हाताच्या घामाने तो थर कालांतराने चिकट होऊ शकतो. त्यापेक्षा थोडा खरखरीत साधा प्लास्टिकचा पृष्ठभाग टिकतो आणि ओल्या फडक्याने पुसताही येतो.

ऑनलाइन घेणं सोपं असलं, तरी शक्य असेल तर एकदा बाजारात चक्कर मारा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, इथल्या काही दुकानांत उघडे नमुने ठेवलेले असतात. पाच मिनिटं हात ठेवून बघितलं की जे कळतं, ते पन्नास व्हिडिओ बघून कळत नाही. मुलांना बरोबर न्या. हात त्यांचा आहे.

मनगट दुखतंय?

इथे पालकांनी थोडं लक्ष द्यायला हवं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याला पदकंही होती. त्यामुळे ‘नुसता टाइमपास’ हा शब्द आता मुलं ऐकून घेत नाहीत. ठीक आहे. पण मग खेळाडूसारखी हाताची काळजीही घ्यायला हवी.

मनगटातून जाणारी एक नस अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला संवेदना पुरवते. मनगट तासन्‌तास वर वाकलेलं राहिलं किंवा टेबलाच्या कडेवर दाबलं गेलं की त्या बोटांत मुंग्या येऊ शकतात. रात्री झोपेतून उठवणाऱ्या मुंग्या, बधिरपणा, वस्तू हातातून निसटणं असं होत असेल तर नवा माऊस हा उपाय नाही, डॉक्टरकडे जा. तसं होऊ नये म्हणून खुर्चीची उंची अशी ठेवा की कोपर साधारण काटकोनात राहील, मनगट सरळ राहील आणि हाताचा भार टेबलावर टेकलेल्या पुढच्या हातावर येईल. आपल्याकडे मुलं जेवणाच्या टेबलावर किंवा पलंगावर पाट ठेवून खेळतात. टेबल उंच पडत असेल तर खुर्चीवर उशी द्या आणि पाय लोंबकळत असतील तर पायाखाली तोच पाट ठेवा.

माऊस घरी आला की विंडोजमध्ये माऊसच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही खूण काढून टाका. नाव अचूकतेचं आहे, पण हाताचा वेग बदलला की ती कर्सरचं अंतरही बदलते, त्यामुळे हाताला सवय लागायला वेळ लागतो. डीपीआय ८०० वर ठेवा आणि निदान दोन आठवडे त्याला हात लावू नका. सुरुवातीला कर्सर संथ वाटेल, मुलं कुरकुर करतील. आणि एखाद्या दिवशी आईने एक्सेल उघडल्यावर कर्सर अचानक सैरावैरा धावायला लागला, तर घाबरू नका. व्हीलच्या मागचं छोटं बटण चुकून दाबलं गेलंय. तेच पुन्हा एक-दोनदा दाबा.