अंतर्भाग आणि अंतरंग

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी माणसाला 'आतला' या साध्या विशेषणासाठी त्या भाषेत चार-पाच शब्द आढळतात आणि ते सारे समानार्थी असावेत अशी त्याची समजूत होते. परंतु शरीरातील रक्तस्रावाला इंग्रज 'इंटर्नल' म्हणतो, दिवाणखान्याच्या सजावटीला 'इंटीरियर' म्हणतो, मनःशांतीला 'इनर' हे विशेषण लावतो आणि जिवलग स्नेहाला 'इंटिमेट' ठरवतो, व यांपैकी एकाच्या जागी दुसरा योजला की वाक्य व्याकरणशुद्ध राहूनही परके वाटू लागते.

या भेदाचे मूळ इतिहासात आहे. 'इनर' आणि 'इनवर्ड' हे प्राचीन इंग्रजीचे स्वतःचे शब्द, तर बाकीचे लॅटिनमधून, काही फ्रेंचच्या वाटेने, पुढे आलेले. १३४० मध्ये केंट परगण्यातील मायकेल नावाच्या एका ख्रिस्ती साधूने फ्रेंच नीतिग्रंथाचे भाषांतर केले, तेव्हा सदसद्विवेकासाठी त्याने 'इनविट', म्हणजे 'आतली जाण', हा देशी शब्द वापरला. पण तो मागे पडून 'कॉन्शन्स' या लॅटिन कुळातील शब्दाची सनद कायम झाली.

मनाचे वर्णन करण्यासाठी इंग्रजीने घराकडूनही बरेच उसने घेतले आहे. तिचा 'विंडो' हा शब्द मुळात नॉर्स लोकांचा 'वाऱ्याचा डोळा' होय. आपल्या 'गवाक्षा'तही बैलाचा डोळा आहेच. आज अमेरिकेत कपड्यांच्या कपाटाला 'क्लॉझेट' म्हणतात, परंतु १६११ च्या बायबलात गुप्त प्रार्थनेसाठी जिथे जाऊन दार लावून घ्यायचे ती खोली म्हणजे क्लॉझेट. 'कॅबिनेट' हीही आधी लहानशी खासगी खोली. राजाचे विश्वासू सल्लागार तिथे जमत, म्हणून पुढे मंत्रिमंडळालाच ते नाव पडले. अरबीतील एकांतवाचक 'खल्वत' मराठीत 'खलबत' होऊन गुप्त मसलतीचा वाचक झाला, तोही याच मार्गाने.

अशा खोल्यांची सवय झालेल्या समाजात जॉन लॉक या तत्त्वज्ञाने १६९० च्या आपल्या ग्रंथात मनाला रिकाम्या कॅबिनेटची उपमा दिली आणि अन्यत्र त्याच मनाला बारीक छिद्रातून प्रकाश येणारी बंद, अंधारी खोली म्हटले, हे स्वाभाविकच होते. १९२९ मध्ये व्हर्जिनिया वुल्फने लेखिकेला वार्षिक पाचशे पौंड उत्पन्न आणि स्वतःची खोली हवी असे प्रतिपादन केले, तेव्हा तिच्या लेखी त्या खोलीच्या दाराला कुलूप असणेही आवश्यक होते. कारण कुणी केव्हाही आत येऊ शकेल अशा जागी स्वतःचा विचार शेवटास नेणे तिला अशक्य वाटत होते.

तरीही मला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो 'इंटिमेट'. लॅटिनमध्ये 'इंटीरियर' म्हणजे अधिक आतला आणि 'इंटिमस' म्हणजे सर्वांत आतला. संस्कृत 'अंतर' हा याच कुळातील आप्त. ज्या शब्दाने एकट्या जीवाचा शेवटचा कोपरा दाखवावा, तोच शब्द भाषेने दोन माणसांमधील नात्याला दिला. आपला 'जिवलग', म्हणजे जिवाला लागून असलेला, त्याच ठिकाणी उभा आहे. म्हणून भाषांतरकाराने 'इंटिमेट'चा तर्जुमा 'आतला' असा करून थांबू नये. त्या सर्वांत आतल्या दालनात दुसऱ्या कुणाला तरी जागा दिलेली आहे, हे मराठी वाक्यातही दिसले पाहिजे.