डॉक्टर कसा पारखावा?

समजा तुम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावजवळच्या एखाद्या पाड्यावर राहता. धाकट्या भावाचे हातपाय रात्रीपासून ठणकत आहेत, अंगात कणकण आहे. बाजाराच्या गावी एक 'डॉक्टर' बसतो. तो नाडी धरतो, सुई टोचतो, सलाइनची बाटली लावतो. संध्याकाळी भाऊ हसू लागतो आणि घरचे म्हणतात, "त्यांच्या हाताला गुण आहे!" महिन्याभराने तेच दुखणे पुन्हा येते. मग गुण आला तो कशाचा?

सलाइन म्हणजे काय ते पाहू. एक लिटर शुद्ध पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले आणि रोग्याला पिणे जमेना, तर हीच बाटली जीव वाचवते. एरवी पुष्कळदा तोंडाने पाणी पिणे पुरते. वेदनाशामक सुईने ठणका थांबतो, ठणक्याचे कारण जात नाही. शिवाय बरेच साधे ताप चार दिवसांत आपोआप उतरतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. श्रेय मात्र कावळ्याला!

आता भावाच्या दुखण्याकडे वळू. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा इत्यादी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष बराच आढळतो. निरोगी तांबडी पेशी गोल, मध्ये किंचित दबलेली आणि लवचीक असते. या रोगात प्राणवायू कमी पडला की ती विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्यामुळे हाडे व सांधे ठणकतात. अशा वेळी पाणी मिळाल्याने आराम पडतो खरा, पण रोगाचे नाव कळत नाही. ते कळायला रक्त तपासावे लागते. आधी विद्राव्यता चाचणी करतात. तिच्यात दोष दिसला, तर पुढच्या चाचणीने माणूस नुसता वाहक आहे की रोगी, हे ठरते. रोग ओळखला तर हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने वेदनेचे झटके कमी करता येतात. न ओळखला आणि एखाद्या दिवशी तापासोबत छातीत दुखू लागले, धाप लागली, तर प्राणावर बेतते. तेव्हा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

म्हणून भरवशाचा डॉक्टर सुईआधी प्रश्न विचारतो. असे पूर्वी कधी झाले होते का? घरात आणखी कोणाला होते का? डोळे पिवळे होतात का? मग तो तपासतो, काय वाटते ते समजावून सांगतो. आणि गरज पडली तर म्हणतो, "हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, मोठ्या रुग्णालयात जा." असे म्हणणे हा कमीपणा नव्हे, ती भरवशाची खूण आहे.

दुसरी खूण नोंदणीची. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमानुसार नोंदणीवाचून वैद्यकीय व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. ॲलोपॅथीच्या डॉक्टराने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि चिठ्ठीवर लिहावा, असा नियम आहे. तो क्रमांक परिषदेच्या नोंदवहीत पडताळता येतो. 'डॉ.' हे एक अक्षर पाटीवर कोणीही रंगवील!

पण नोंदणी म्हणजे पहिली पायरी, शेवटची नव्हे. शेजारच्या गुजरातेत मोडासा येथे २००९ साली हिपॅटायटिस-बीची प्राणघातक साथ आली. वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याचे कारण पुढे आले. म्हणून डॉक्टर कोणीही असो, नवी सुई आपल्यासमोर पाकिटातून काढली जाते का, हे पाहावे.

डोंगरात रुग्णालय दूर, वाट अवघड. जो जवळ असतो तोच देवासारखा वाटतो, यात घरच्यांचा दोष नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट माहीत करून घ्या.

करून पाहा : घरातली औषधाची एक जुनी चिठ्ठी काढा. तिच्यावर डॉक्टरचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, तारीख आणि औषधाचे वाचता येईल असे नाव, या पाच गोष्टी आहेत का? ज्या नसतील त्या वहीत लिहा. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की त्या नम्रपणे मागा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.