अकरावीच्या फॉर्मवरचा एक रकाना

दहावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत हप्त्यांपेक्षा प्रवेशाचीच चर्चा जास्त होते. कॉमर्सला जाणाऱ्या मुली फॉर्म भरताना एका ठिकाणी अडतात. 'गणित की एस.पी.?' बहुतेक जणी एस.पी. घेतात, कारण ते सोपं. त्या एका खुणेने सरकारी नोकरीची कोणती वाट अवघड होते, ते आज सांगते.

ऑपरेशन्स रिसर्च नावाची गणिताची एक शाखा आहे. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या ओळखीची. समजा, गटाकडे आठवड्याला 60 तासांचं काम आणि 3,000 रुपये भांडवल आहे. एक किलो पापडाला 3 तास आणि 100 रुपये लागतात, नफा 90. एक किलो शेवयांना 2 तास आणि 150 रुपये, नफा 80. (आकडे सोयीसाठी घेतलेत, आपला भाव असा नाही.) पापडात नफा जास्त म्हणून नुसते पापड केले, तर 20 किलोवर तास संपतात आणि 1,800 रुपये मिळतात. नुसत्या शेवया केल्या, तर 20 किलोवर पैसे संपतात, मिळतात 1,600. पण दोन्ही 12-12 किलो करा. तासही पुरते वापरले जातात, पैसेही, आणि नफा होतो 2,040. वहीवर मांडून बघा.

हेच गणित मोठं केलं की सरकारचं काम होतं. टँकर किती, गावं किती, कुठला टँकर कुठे धाडायचा? दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये या शास्त्राने आकार घेतला. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची मांडणी अशाच गणिती पद्धतीने केली.

आता नोकरी. नेमकं 'ऑपरेशन्स रिसर्च'चंच पद सरकारी जाहिरातीत क्वचित दिसतं. हे शिकलेल्यांसाठी मुख्य दार म्हणजे भारतीय सांख्यिकी सेवा. तिची परीक्षा यूपीएससी घेते. वय 21 ते 30, राखीव प्रवर्गांना सवलत. पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय हवा, किंवा संख्याशास्त्रात एम.ए., एम.एस्सी. हवं. नीट ऐका, बी.एस्सी.च हवी असं नाही. संख्याशास्त्र घेऊन बी.ए. केलेली मुलगीही बसू शकते. मी स्वतः बी.ए., पण आमच्या कॉलेजात हा विषयच नव्हता. म्हणून प्रवेशाआधी तो कुठल्या कॉलेजात आहे, हे विचारून घ्या. लेखी परीक्षेत संख्याशास्त्राचे चार पेपर असतात आणि चौथ्यात ऑपरेशन्स रिसर्च हा निवडीचा भाग आहे. शिवाय सामान्य इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि 200 गुणांची मुलाखत. उत्तरं इंग्रजीतच लिहावी लागतात. आपल्या मुलींना गणितापेक्षा हेच जास्त जड जातं, त्यामुळे ती तयारी पहिल्या वर्षापासून हवी. मूळ वेतन 56,100 रुपयांपासून सुरू होतं.

दुसरं दार जरा ठेंगणं, आणि मला वाटतं आपल्या घरांना जास्त जवळचं. एसएससीच्या पदवीधर परीक्षेत ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसर हे पद असतं. त्याला कुठलीही पदवी चालते, फक्त बारावीला गणितात किमान 60 टक्के हवेत, नाहीतर पदवीला संख्याशास्त्र हा विषय हवा. म्हणजे बारावीला गणित घेतलं असेल, तर पुढे साधी बी.कॉम. झालेली मुलगीही अर्ज करू शकते. एस.पी. घेतलेलीला मात्र पदवीला संख्याशास्त्र शोधावं लागतं. या पदासाठी संख्याशास्त्राचा वेगळा पेपर असतो, तो अभ्यासावा लागेलच. वयाची अट 32 पर्यंत, मूळ वेतन 35,400 पासून.

डीआरडीओचीही दिल्लीत अशा अभ्यासाची संस्था आहे, पण शास्त्रज्ञ म्हणून जायचं तर इंजिनिअरिंग किंवा एम.एस्सी. प्रथम वर्गात हवी. ती लांबची वाट.

कॉमर्सचं गणित अवघड असतं असं मुली म्हणतात. बारावीचं ते पुस्तक मी चाळलं. त्यात लिनिअर प्रोग्रॅमिंगचा धडा आहे, म्हणजे आपलं पापड-शेवयांचंच गणित. कोणतं काम कोणाला द्यायचं, कोणतं आधी करायचं, याचाही धडा आहे. घर चालवणाऱ्या बाईला तो समजावून सांगायची गरज पडू नये.

यूपीएससी आणि एसएससी, दोन्हीकडे महिलांना परीक्षा शुल्क नाही. अर्ज भरून देणारा फीच्या नावाने पैसे मागत असेल, तर कसली फी ते विचारा. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलीही सांख्यिकी सेवेला अर्ज करू शकतात. अटी दरवर्षीच्या जाहिरातीत छापलेल्या असतात, त्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. अकरावीचा फॉर्म भरून झाला असेल आणि विषय बदलायचा असेल, तर कॉलेजच्या ऑफिसात लवकर जा. वर्ग सुरू होऊन दिवस गेले की बदल करून देत नाहीत.