पहारा चुकवणारी गाठ

नागोठण्याहून मुंबई-गोवा महामार्गाने उत्तरेला निघालं की पेण, पनवेल मागे टाकून खारघर येतं. जिल्हा रायगडच. टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधनसंस्था इथलीच. मुलांच्या मेंदूतली गाठ शरीराचा पहारा चुकवते कशी, या शोधाच्या वाटेवरचा हा एक महत्त्वाचा टप्पा.

वाट जुनी आहे. १९४८ मध्ये शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी सशांच्या मेंदूत परकी त्वचा रुजवली, ती टिकली. मेंदूत प्रतिकारशक्तीला प्रवेश नाही, असा समज त्यातून रूढ झाला. पण त्याच सशाला आधी शरीरावर तशी त्वचा लावली असेल, तर मेंदूतला तुकडाही नाकारला जाई. प्रयोगाचा हा भाग अधिक मोलाचा होता, आणि तोच मागे पडला. २०१५ मध्ये उंदरांच्या मेंदूच्या आवरणात प्रतिकारपेशींची ने-आण करणाऱ्या लसिकावाहिन्या सापडल्या, तेव्हा जुना समज पुरता ढासळला.

मग प्रतिकारशक्तीचे पहारेकरी, म्हणजे टी-पेशी, गाठीवर हल्ला का करत नाहीत?

मुलांच्या गाठींमध्ये जनुकीय बिघाड मोठ्यांच्या कर्करोगापेक्षा बरेच कमी असतात. त्यामुळे टी-पेशींना परकं वाटावं असं फारसं काही गाठीवर दिसतच नाही. २०२० मध्ये मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे लहान मेंदूतल्या गाठीवरच्या अभ्यासात आणखी एक युक्ती उघड झाली: पी-५३ जनुक बिघडलं की पेशी आपली ओळख सांगणारी प्रथिनं पृष्ठभागावर आणतच नाही. टी-पेशी शेजारून जातात, थांबत नाहीत.

मेड्युलोब्लास्टोमाचे चार प्रकार आहेत आणि त्यांचं वागणं वेगवेगळं. हे प्रकार साठवलेल्या ऊतींमधूनही ओळखता यावेत, यासाठी अ‍ॅक्ट्रेकमध्ये नीलम शिरसाट यांच्या गटाने सूक्ष्म-आरएनएवर आधारलेली चाचणी २०१३ मध्ये मांडली. आपल्या रुग्णालयांना परवडेल असं हे काम, म्हणून त्याचं मोल फार.

टी-पेशींनाच कर्करोग ओळखायला शिकवण्याचा मार्गही आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून घडलेली ‘नेक्सकार१९’ ही अशी टी-पेशी उपचारपद्धती ४ एप्रिल २०२४ रोजी सुरू झाली. ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, मेंदूच्या गाठींसाठी नाही; पालकांनी यात गल्लत करू नये. स्टॅनफर्डमध्ये मात्र त्याच तत्त्वावरच्या पेशी मेंदूच्या देठातल्या आणि मज्जारज्जूतल्या गाठींवर वापरल्या गेल्या. २०२४ च्या अहवालानुसार उपचार दिलेल्या ११ रुग्णांपैकी चौघांच्या गाठी निम्म्याहून अधिक आकसल्या, त्यांतल्या एकाची पूर्ण नाहीशी झाली. आशा खरी आहे, पण चाचणी अजून लहान आहे.

तोवर लवकर निदान होणं आपल्या हाती आहे. मुलाला सकाळी उठताच डोकेदुखी, उलटी होत असेल, चालताना तोल जात असेल, डोळा नव्याने तिरळा दिसत असेल, तर ‘पित्त झालंय’ म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.